डिजॉक्सिन चालू असताना अमिओडॅरॉन सुरू केलं, अण्णांचं जेवणच गेलंय, दोन्हीचा संबंध असेल का?

रामबागची लेक (इंदूर), शुक्रवार सकाळी ९:४०

नमस्कार. थोडं लांब लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, घरात प्रत्येक जण वेगळं सांगतोय आणि मला काही सुचत नाहीये.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, ७६ वर्षांचे. हार्ट फेल्युअर आहे आणि ठोके अनियमित पडतात ते एएफ, दोन्ही. सहा वर्षांपासून डिजॉक्सिन ०.२५ चालू आहे, आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. सोबत लघवी होण्यासाठी लॅसिक्स, ठोके मंद ठेवायला मेटोप्रोलॉल २५ आणि रक्त पातळ करायला ॲसिट्रोम. किडनीची टेस्ट, म्हणजे क्रिएटिनिन, १.४ च्या आसपास असतं. एवढ्यावर ते छान होते, रोज सकाळी नेहरू पार्कपर्यंत चक्कर मारून यायचे.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री अचानक खूप धडधड झाली म्हणून ॲडमिट केलं, चार दिवस होते. तिथे अमिओडॅरॉन सुरू केलं, २०० ची गोळी पहिला आठवडा तीन वेळा, दुसरा आठवडा दोन वेळा, आता रोज एक. डिस्चार्जच्या कागदावर बाकी औषधांपुढे 'पूर्वीप्रमाणे चालू' एवढंच लिहिलंय, त्यामुळे डिजॉक्सिन आम्ही जसंच्या तसं देत राहिलो.

आता आठ दिवस झाले, ताट समोर ठेवलं की सरकवून देतात. पोहे दोन चमचे खातात आणि पुरे म्हणतात, आणि आमचे अण्णा पोह्यांना नाही म्हणणारे नव्हेत. सारखी मळमळ, दोनदा उलटी झाली. काल संध्याकाळी म्हणाले ट्यूबलाइट पिवळी दिसतेय आणि तिच्याभोवती गोल कडं दिसतंय, मला वाटलं मोतीबिंदू असेल. आज सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर पल्स ४८. एरवी ७० ते ७५ असते.

शेजारच्या काकू म्हणतात इतक्या गोळ्यांनी ॲसिडिटी झालीय. दादा म्हणतो नवीन गोळी बंद करून बघू. खालच्या मेडिकलवाल्याने दोन्ही पत्ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "दीदी, इन दोनों का आपस में कुछ रहता है, डॉक्टर साहब से पूछ लो." म्हणजे काय रहता है ते त्यालाही नीट सांगता येईना. दहा वाजता डिजॉक्सिनची वेळ असते. द्यायची का?

औषधवाले काका (इंदूर), ९:५२

बाळ, दहाची डिजॉक्सिनची गोळी देऊ नकोस. हार्टच्या डॉक्टरांना आत्ता फोन लाव आणि तू वर लिहिलंयस तेच सांग, जेवण गेलं, उलटी, पिवळं दिसतं, पल्स ४८. फोन लागला नाही तर वाट बघत बसू नका, गाडी काढून सरळ इमर्जन्सीत न्या. सगळे पत्ते आणि तो डिस्चार्जचा कागद पिशवीत घाल, जुने रिपोर्टही. तिथे स्वतः तोंडाने सांगायचं की डिजॉक्सिन चालू आहे आणि तीन आठवड्यांपासून अमिओडॅरॉन जोडलंय, कारण गर्दीत कागद वाचला जाईलच असं नाही. ईसीजी होईल, आणि डिजॉक्सिन लेव्हल, पोटॅशियम, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते) या चारही टेस्ट आपण होऊन विचारा.

अमिओडॅरॉन मात्र दादाच्या म्हणण्यावरून घरीच बंद करू नका. एक तर ते धडधडीसाठी दिलंय, आणि दुसरं म्हणजे आज बंद केलं तरी ते शरीरातून आज जाणार नाही, त्याबद्दल नंतर लिहितो.

मी दवा बाजारात ३४ वर्षं काउंटरवर काढली आहेत. या दोन पत्त्यांची जोडी एका पर्चीवर दिसली की आम्ही विचारायचो, डिजॉक्सिन कमी केलं का? बऱ्याचदा केलेलं असायचं. नसेल तर डॉक्टरांना फोन करायचो आणि एकही डॉक्टर त्यावर चिडल्याचं मला आठवत नाही. तुमच्या मेडिकलवाल्याला शाबासकी द्या, त्याला कारण सांगता आलं नसेल पण त्याने बरोबर जागी बोट ठेवलं.

मालवी माणूस (इंदूर), १०:०३

ताई घाबरू नका, माझ्या आजोबांचंही असंच व्हायचं, रिकाम्या पोटी इतक्या गोळ्या म्हणजे पित्त होणारच. आमच्याकडे ज्येष्ठमध, जिरं आणि खडीसाखरेचा काढा देतात, दोन दिवसांत जेवण सुरू होतं. डॉक्टरांना दाखवाच पण तोवर द्यायला हरकत नाही असं मला वाटतं.

वॉर्डातला डॉक्टर (ग्वाल्हेर), १०:१०

दादा, तुमची कळकळ समजते पण हा काढा यांना अजिबात नको, म्हणून आधी तेवढंच लिहितो. ज्येष्ठमधाने शरीरातलं पोटॅशियम खाली येतं. लॅसिक्सने ते आधीच खाली येत असतं. आणि पोटॅशियम कमी असलं की डिजॉक्सिन तेवढ्याच लेव्हलला जास्त विषारी ठरतं. एरवी निरुपद्रवी असलेली गोष्ट या एका पेशंटला महागात पडेल.

ताई, काकांनी सांगितलंय तसं निघा. बाकी उत्तर दुपारी लिहितो, ओपीडी चालू आहे.

रामबागची लेक, १०:१४

गोळी दिली नाही. डॉक्टरांच्या असिस्टंटने फोन उचलला आणि लगेच या म्हणाला. निघतोय.

मालवी माणूस, १०:२०

हे मला माहीत नव्हतं, ज्येष्ठमध तर आमच्याकडे खोकल्यालाही सर्रास देतात. ताई माझं ते उत्तर सोडून द्या. अण्णांना लवकर बरं वाटो.

बडोद्याची सून, दुपारी १२:३०

मी बडोद्याहून लिहितेय. माझ्या सासूबाईंना हीच जोडी होती म्हणून राहवलं नाही. त्यांच्या वेळी डॉक्टरांनी अमिओडॅरॉन लिहिलं त्याच दिवशी डिजॉक्सिन ०.२५ ची ०.१२५ केली होती, आणि खरं सांगते, मला तेव्हा वाटलं की काहीतरी चूक झाली, आजार वाढलाय तर औषध कमी का करतात. मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारून आले. ते म्हणाले कमी केलेली गोळीसुद्धा आता आधीच्या पूर्ण गोळीएवढीच चढणार आहे. ते वाक्य माझ्या डोक्यात तसंच बसलं.

आमचं घोडं अडलं ते ॲसिट्रोमपाशी. डिजॉक्सिनकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि ॲसिट्रोम आहे तसंच राहिलं. दोन आठवड्यांत ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग, आयएनआर केला तर ५.१, त्याआधी महिनोन्महिने २.४-२.५ असायचा. तेव्हा कळलं की अमिओडॅरॉनने त्याचाही असर वाढतो. तुम्ही लिहिलेल्या लिस्टमध्ये ॲसिट्रोम दिसलं म्हणून सांगतेय, आयएनआर विसरू नका. मुका मार, पडणं, काळी शी, असं काही असलं तर तेही सांगा.

वॉर्डातला डॉक्टर (ग्वाल्हेर), दुपारी ३:१५

आता निवांत लिहितो, कारण असा प्रश्न घेऊन इथे उद्या दुसरंही कोणी येईल.

आपल्या आतड्याच्या आणि किडनीच्या पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरतं आणि मोटर ते सतत उपसत असते, तसं हा पंप डिजॉक्सिन बाहेर फेकत असतो, आतड्यात काही भाग परत पोकळीत ढकलतो आणि किडनीत लघवीवाटे बाहेर काढतो. अमिओडॅरॉन ही मोटर मंद करतं. पाऊस तेवढाच आहे, म्हणजे गोळी तीच आहे, पण पाणी चढायला लागतं. अमिओडॅरॉनच्या माहितीपत्रकात लिहिलेला आकडा असा आहे की एका दिवसातच डिजॉक्सिनची रक्तातली पातळी सुमारे ७० टक्क्यांनी वाढते, आणि त्यातच सांगितलंय की डिजॉक्सिन साधारण निम्म्यावर आणा किंवा बंद करा.

एखाद्या साध्या गोळीची पातळी ७० टक्क्यांनी वाढली तर बऱ्याचदा काही बिघडत नाही. डिजॉक्सिनचं तसं नाही. हार्ट फेल्युअरमध्ये आम्हाला पातळी ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिली हवी असते आणि २ च्या वर गेली की विषबाधेची शक्यता बरीच वाढते, पोटॅशियम कमी असेल तर त्याच्या खालीही त्रास होतो. म्हणजे उपयोगाची जागा आणि धोक्याची जागा यात अंतर फारच थोडं. १९९७ साली छापून आलेल्या ६,८०० पेशंटच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की डिजॉक्सिनने हार्ट फेल्युअरवाल्यांचं आयुष्य वाढत नाही पण ॲडमिट होण्याची वेळ कमी येते. म्हणून आजही आम्ही ते वापरतो, पण छोट्या डोसने आणि डोळ्यांत तेल घालून.

अण्णांच्या बाबतीत एकावर एक थर चढलेत. वय ७६, क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनी आधीच हळू काम करते. किडनी चांगली असेल तर डिजॉक्सिन निम्मं व्हायला ३६ ते ४८ तास लागतात, किडनी थकलेली असेल तर त्याहून बरंच जास्त. लॅसिक्समुळे पोटॅशियमची गळती. उलट्या आणि जेवण बंद, त्याने पाणी कमी, किडनी आणखी मंद, डिजॉक्सिन आणखी वर, हे चक्र फिरत राहतं. शिवाय डिजॉक्सिन, मेटोप्रोलॉल आणि अमिओडॅरॉन ही तिन्ही औषधं हृदयातल्या त्याच एका गाठीला, जिथून ठोका वरून खाली उतरतो, तिला मंद करतात. त्यामुळे लेव्हल नॉर्मल आली तरी पल्स ४८ कडे दुर्लक्ष करता येत नाही.

जेवण जाणं, मळमळ, पिवळं-हिरवं दिसणं, दिव्याभोवती कडं, सुस्ती, म्हाताऱ्या माणसात थोडं भ्रमिष्टासारखं बोलणं, ही डिजॉक्सिन चढल्याची जुनी ओळखीची लक्षणं आहेत. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये डिजिटॅलिसच्या झाडावर पुस्तक लिहिलं त्यातही उलट्या आणि हिरवं-पिवळं दिसणं नोंदलेलं आहे. डिजॉक्सिन अजूनही त्याच जातीच्या झाडापासून काढतात. आपल्याकडे अंगणात पिवळी कण्हेर असते ना, बिट्टी म्हणतात, तिच्या बियांतलं विष याच कुळातलं, आणि ती खाऊन आलेला पेशंट वॉर्डात अगदी असाच दिसतो.

एक गोष्ट मला विद्यार्थी असताना फार लागून राहिली होती. क्विनिडीन नावाचं ठोक्यांचं औषध डिजॉक्सिनबरोबर कित्येक दशकं सर्रास दिलं जायचं, आणि ते डिजॉक्सिनची पातळी जवळपास दुप्पट करतं हे जगाला १९७८ मध्ये समजलं. रक्तातली पातळी मोजायची सोय आली तेव्हा कुठे हे दिसलं. तोवर किती पेशंटची मळमळ आजाराच्या नावावर गेली असेल. आज आपल्याला माहीत आहे, मोजायची सोय आहे, तरी एका 'पूर्वीप्रमाणे चालू'मध्ये ते निसटतं, याचं मला वाईट वाटतं. माझ्या हातूनही असे कागद घाईत लिहिले गेले असतील, आता मी प्रत्येक औषधापुढे मिलिग्रॅम लिहितो.

रामबागची लेक, रात्री ९:०५

सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतायत. अण्णा ॲडमिट आहेत, मॉनिटर लावलाय. ईसीजीत पल्स ४४ होती. पोटॅशियम ३.२, क्रिएटिनिन १.७, आयएनआर ४.३. बडोद्याच्या ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर ॲसिट्रोमचं माझ्या लक्षातच आलं नसतं, मी इमर्जन्सीत आपण होऊन विचारलं. डिजॉक्सिन बंद केलंय, ॲसिट्रोम दोन दिवस थांबवलंय, मेटोप्रोलॉलही तूर्त नाही. पोटॅशियम सलाईनमधून हळूहळू देतायत. डिजॉक्सिन लेव्हलचं सॅम्पल लॅबने बाहेरगावी पाठवलंय, रिपोर्ट उद्या.

मी इथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, तेव्हाच निम्मी करायला हवी होती ना? ते म्हणाले, हो.

औषधवाले काका, रात्री ९:३०

बरं झालं वेळेवर गेलात. घरी आल्यावर कोणी पोटॅशियमचं सिरप किंवा शहाळ्यावर शहाळी सुरू करू नका, क्रिएटिनिन १.७ असताना पोटॅशियम जास्त चढूनही अंगाशी येतं, त्यांना मोजून देऊ द्या.

सकाळी अर्धवट राहिलेलं सांगतो. अमिओडॅरॉन चरबीत मुरतं. ते निम्मं व्हायला सरासरी ५८ दिवस लागतात, कोणाला पंधरा, कोणाला शंभराच्या वर. म्हणून ते आज बंद केलं तरी डिजॉक्सिन आणि ॲसिट्रोमवरचा त्याचा असर आठवडे, महिने रेंगाळतो. कोणी सांगेल की अमिओडॅरॉन थांबलं, आता जुना डोस परत चालू करा, तर तसं लगेच करायचं नसतं.

बडोद्याची सून, शनिवार सकाळी ७:५०

काकांचं अगदी खरं. सासूबाईंचं अमिओडॅरॉन थायरॉइड बिघडल्यामुळे बंद केलं (त्या २०० च्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं म्हणे, मीठ कितीही सांभाळा), पण डिजॉक्सिन पुढचे चार महिने ०.१२५ वरच ठेवली आणि ॲसिट्रोमचा डोस टप्प्याटप्प्याने, दर आठवड्याला आयएनआर करून वर नेला. तुमच्या अण्णांचं टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि लिव्हरचे एन्झाइम झालेत का ते विचारून घ्या, सुरुवातीचा आकडा हाताशी असला की पुढे तुलना करता येते.

रामबागची लेक, शनिवार दुपारी २:१०

लेव्हल आली. २.८.

काल दहाची गोळी दिली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

वॉर्डातला डॉक्टर, दुपारी २:४०

दिली नाहीत ना. आणि सॅम्पल गुरुवारच्या गोळीनंतर चोवीस तासांहून जास्त वेळाने घेतलंय, म्हणजे हा आकडा खरा आहे. गोळी घेतल्यावर किमान सहा ते आठ तास गेल्याशिवाय घेतलेलं सॅम्पल फसवतं, तेव्हा औषध रक्तातून स्नायूंत शिरायचं असतं आणि पातळी उगाच मोठी दिसते. पुढच्या वेळी सकाळच्या गोळीच्या आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची.

रामबागची लेक, बारा दिवसांनी, सकाळी ११:००

उशिरा लिहितेय, घर-दवाखाना यातच दिवस गेले. अण्णा पाचव्या दिवशी घरी आले. तिसऱ्या दिवसापासून पिवळं दिसणं थांबलं, भूक मात्र हळूहळू आली, आज आठवड्याने त्यांनी स्वतः मागून पोहे घेतले, वरून शेव आणि लिंबू. पल्स ६६. पोटॅशियम ४.२, क्रिएटिनिन परत १.४, आयएनआर २.६, ॲसिट्रोम आधीच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी केलंय. मेटोप्रोलॉल निम्म्या डोसने परत सुरू. डिजॉक्सिन लेव्हल ०.८ आल्यावर ०.१२५ दिवसाआड सुरू केलीय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आधी शनिवार-रविवार सुट्टी असायची, आता दिवसाआड, तर पुढची लेव्हल कधी करायची, सोमवारी केली तर चालेल का? दुसरं, अण्णांना थोडा खोकला झालाय, दादाच्या मुलीला डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं, त्यातल्या चार गोळ्या उरल्यात, आई म्हणते तेच देऊ.

वॉर्डातला डॉक्टर, ११:४०

क्लॅरिथ्रोमायसिन नको, उरलेलं तर मुळीच नको. तेही तोच पंप मंद करतं, डिजॉक्सिन परत चढेल, आणि ॲसिट्रोमही वाढेल. वेरापामिलही त्याच यादीत. खोकला अमिओडॅरॉन चालू असलेल्या माणसाला आहे म्हणून नुसता सर्दीचा समजू नका, क्वचित त्याने फुप्फुसाला सूज येते, दम वाढत असेल किंवा ऑक्सिमीटरवर आकडा खाली जात असेल तर छातीचा एक्सरे काढून घ्या. हार्ट फेल्युअर वाढल्यानेही खोकला येतो, वजन रोज करा.

लेव्हल घ्यायच्या वाराचा प्रश्न चांगला विचारलात. पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी, या आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत सोमवारी सकाळी रक्त दिलं की दोन दिवसांच्या खंडाने पातळी कमी दिसते आणि शनिवारी सकाळी दिलं की जास्त, माणूस तोच. आता दिवसाआड आहे तर ज्या दिवशी गोळी घ्यायची त्या दिवशी सकाळी, गोळीच्या आधी द्या, आणि दर वेळी तसंच द्या म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. डोस बदलल्यावर एक-दीड आठवड्याने, अण्णांच्या किडनीला दोन आठवडेही चालतील, तुमच्या डॉक्टरांशी तारीख ठरवून घ्या.

रामबागची लेक, १२:०५

एक्सरे उद्याच करतो. ऑक्सिजन ९७ आहे, वजन दोन दिवसांत सारखंच आहे. आईला क्लॅरिथ्रोमायसिनचं सांगितलं, तिने पत्ता माझ्याकडे दिला.

घरात ०.२५ च्या डिजॉक्सिनचे अजून तीन पत्ते आहेत. मधोमध तोडून वापरू का, पैसे वाया जातील म्हणून नाही, पण आई विचारतेय.

औषधवाले काका, १२:२०

नको बाळ. हाताने तोडलेली अर्धी गोळी कधी मोठी होते कधी छोटी, आणि या औषधात तेवढा फरकही नको. शिवाय घरात दोन ताकदीची एकच गोळी असली की एखाद्या दिवशी तू घरी नसशील आणि कोणीतरी चुकीचा पत्ता उचलेल. ते तिन्ही पत्ते आजच डब्यातून बाहेर काढ. ज्या दुकानातून घेतले तिथे विचार, बिल असेल आणि पत्ते फोडलेले नसतील तर बरेच जण परत घेतात. आणि अण्णांच्या पाकिटात एक कार्ड ठेव, त्यावर डिजॉक्सिन ०.१२५ दिवसाआड, अमिओडॅरॉन २०० रोज, ॲसिट्रोम किती ते, आणि प्रत्येकाच्या पुढे कोणत्या तारखेपासून.